काचेआडच्या गाठी

रक्ताने कडक झालेला दोर मेलेल्याच्या धाकट्या भावाने संग्रहालयाच्या टेबलावर आपटला. "बोला काका, कुणाच्या घरची गाठ?"

भिंतीवर काचेआड किनाऱ्यावरच्या बेचाळीस घरांच्या गाठी होत्या. दर घराची वेगळी, बाहेरच्याला कधीच न शिकवलेली. बघणाऱ्याला सगळ्या सारख्याच. त्या सगळ्या ओळखणारा एकच माणूस उरला होता, हे म्हातारे संग्रहपाल.

मेलेला सकाळी होडीच्या नांगराला बांधलेला सापडला होता, डोकं फुटून. आता दारात सहा जण कोयते घेऊन उभे होते.

"कशाला नाव, भावोजी?" विधवा पुटपुटली. "गेलेला माणूस परत येणारे का?"

तिच्या दंडांवर काळेनिळे वळ होते. बिचारीने शोकात अंग बडवून घेतलं असावं, असं संग्रहपालांना वाटलं.

"वहिनी, तू गप्प बस."

संग्रहपालांनी चष्मा पुसला. पुसायची काही गरज नव्हती. गाठ त्यांच्याच घरची होती. ती बांधणारे जगात दोघेच, ते आणि त्यांचा मुलगा. मुलाची मेलेल्याशी गेल्याच आठवड्यात जाळ्यावरून हाणामारी झालेली.

"टकल्या नावाड्याची," ते म्हणाले.

टकल्या पलीकडच्या वस्तीतला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पहाटेच चार दिवसांसाठी समुद्रावर गेलेला असणार. तो येईपर्यंत डोकी थंड होतील, असा त्यांचा अंदाज.

विधवेने झटकन वर पाहिलं. "नक्की ना, काका?"

"नक्की."

पण टकल्याच्या होडीचं इंजिन बिघडलं होतं. तो घरीच होता, जेवत. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा मानेवर. सोडवायला धावलेल्या बायकोची तीन बोटं उंबऱ्यावर तुटून पडली.

बातमी कळताच संग्रहपाल धडपडत घरी गेले आणि त्यांनी मुलाच्या खाडकन थोबाडीत मारली.

"तुझ्यापायी निरपराध माणूस मारवला मी, नालायका! त्या दोरावर आपल्या घरची गाठ होती!"

मुलाने गाल धरला. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"बाबा, तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा संग्रहालयातलं बायकांचं गाठींचं शिबिर मी घेतलं ना? म्हटलं, नुसत्या काचेत ठेवून गाठी जगतात का? म्हणून आपल्या घरची शिकवली." त्याने गालावरचा हात काढला. "पंचवीस जणींत एकीलाच जमली. नवऱ्याला कळू देऊ नका म्हणाली, पुन्हा हाडं मोडेल."