ठोका बसवताना

हवाई हल्ले सुरू झाल्यापासून रुग्णालयाचा हृदयविभाग तळघरात भरत होता. सिस्टर फिलोमिना डाबरे यांनी घरततात्यांच्या छातीवर यंत्र टेकवलं.

"तात्या, तुमच्या यांत्रिक हृदयाला ठोका बसवते. जरा दचकायला होईल."

तात्या वैतागले. "कशाला गं बाय? सहा वर्षं हा पंप ठोक्याविना मुकाट रक्त फिरवतोय. ठोक्यानं बॅटरी लवकर उतरते म्हणे. इथे लाइटचा पत्ता नाही, आणि तुमचे हे नखरे!"

"ढिगाऱ्याखाली शोधणारी यंत्रं ठोकाच ऐकतात, तात्या. ठोका नसला की माणूस मेला समजून पथक पुढे जातं."

"असं झालंय का कुणाचं?"

सिस्टरनी बटण दाबलं. "आमच्या मिस्टरांचं. मार्केटवर बॉम्ब पडला तेव्हा ते आत होते. पथक अर्ध्या तासात म्हणालं, खाली कुणी जिवंत नाही. मी घरी जाऊन मेणबत्ती लावली. पुढे त्यांचा पंप तपासायला माझ्याच टेबलावर आला. त्यातली नोंद मी वाचली. पथक गेल्यानंतर तो अकरा तास चालू होता. बॅटरी संपेपर्यंत."

तात्यांच्या छातीत ठक ठक सुरू झालं. त्यांनी सिस्टरचा हात धरून हळूच छातीवर ठेवला.

"येतंय का गं ऐकू?"

"येतंय."

नियमाप्रमाणे साठ ठोके मोजायचे होते. साठ झाले, शंभर झाले, तरी सिस्टरनी हात उचलला नाही.