समोर येऊन

नव्या सुनेला कुणाशी बोलायचं झालं की ती हातातलं काम टाकून त्याच्यासमोर जाऊन उभी राही, खांद्याला हात लावी आणि त्याची नजर वळली की मगच सावकाश बोले. तिचे आईवडील दोघेही बहिरे. लहानपणापासून तेच अंगवळणी पडलेलं. सासरी मात्र सगळे या खोलीतून त्या खोलीत ओरडून बोलत.

"दादानं बायको आणली की फौजदार?" नणंद म्हणाली. "चहा हवा का विचारते, तेही जबाब घेतल्यासारखं!"

सगळे हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या रागावल्या असणार, असं सुनेनं धरलं आणि माहेरची सवय मोडायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ओट्याकडे तोंड ठेवूनच तिनं विचारलं, "आई, मीठ किती घालू?" उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही.

सासूबाई जवळ आल्या. त्यांनी दार लोटलं, सुनेची हनुवटी धरून तिचा चेहरा आपल्याकडे वळवला.

"तू नको गं त्यांच्यासारखी होऊस," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाला सांगू नकोस, पण हल्ली या घरात मला तुझंच तेवढं ऐकू येतं."