मी बसले की बंद

हे गेल्यानंतर ट्रक मीच चालवायचा असं ठरलं. लायसन्स होतं, घरात खाणारी तोंडं होती आणि रडून झालं होतं. पण मी चावी फिरवली की ट्रक ढिम्म.

लंबू मेकॅनिकने बॅटरी तपासली, वायरी हलवून पाहिल्या, स्टार्टर खोलून परत बसवला. तो स्वतः बसला की गाडी एका चावीत सुरू व्हायची. मी बसले की पुन्हा मुकी.

"तिलाही तोच हवाय," सासूबाई दारातून म्हणाल्या.

शेवटी मेकॅनिकने मला पुन्हा बसायला सांगितलं, वाकून माझ्या पायाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"वहिनी, गाडीला काही झालेलं नाही. क्लच पार तळाला गेल्याशिवाय ही स्टार्टच होत नाही आणि तुमचा पाय तिथवर पोचत नाहीये. दादा माझ्यासारखेच ताडमाड, त्यांनी सीट मागे ढकलून ठेवलीय. थांबा, पुढे ओढून देतो."

त्याने सीटखालच्या दांडीला हात घातला.

"सीट नका हलवू, भाऊजी," मी म्हटलं आणि खाली उतरले.

 

घरात जाऊन पलंगावरची दुसरी उशी आणली, पाठीला लावली. गाडी एका चावीत सुरू झाली.