पिवळं पाकीट

"पिवळं दिसलं की वेन आज क्रेन चालवणार नाही," जिनफा म्हणाला. "लावतेस पैज?"

गल्लीच्या तोंडाशी जिनफाची सोयादुधाची गाडी, शेजारी युएचीची सुपारीची टपरी, समोर बांधकाम. वेनच्या क्रेनमध्ये काचेपाशी कायम मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट असायचं. हिरवं असलं की यंत्र शहाण्यासारखं वागतं, पिवळं ठेवलं की रुसतं. इथं ताइनान शहरात शेंबड्या पोरालाही हे माहीत.

"चालवेल तो," युएची म्हणाली. "हरेल त्यानं माझा फुलाफुलांचा एप्रन घालून सगळ्यांसमोर क्रेनला तीनदा वाकून नमस्कार करायचा."

"आणि तू हरलीस तर?"

"मला निदान शोभेल तरी."

दूध पोचवायच्या निमित्तानं जिनफा आत गेला आणि पाकीट बदलून आला.

वेन आला. केबिनमध्ये चढला, थबकला, आणि कशालाही हात न लावता खाली उतरला.

जिनफानं युएचीकडे बघून भुवया उडवल्या.

पण वेन घरी गेला नाही. क्रेनच्या पायांखालच्या फळ्या त्यानं ठोकून बघितल्या. दोर चाचपला. मग हुकापाशी उकिडवा बसला. माल बांधलेला पट्टा निसटू नये म्हणून हुकाच्या तोंडावर लोखंडी जीभ असते. कुणीतरी ती उघडी ठेवून तारेनं करकचून बांधली होती. म्हणजे पट्टा झटपट अडकतो, झटपट सुटतो. नको तेव्हाही सुटतो.

साइटवरची तार काळी. ही लाल होती.

"काल मी उतरलो तेव्हा ही मोकळी होती," वेन म्हणाला.

माल उचलताना खाली उभं राहून हातानं खुणा करायचं काम आ-तूचं. त्यानं हुकाकडे बघितलं आणि हेल्मेटचा पट्टा उगाच घट्ट केला.

मुकादम लो लगबगीनं आला. "केबिनमध्ये शिरून पाकीट कुणी बदललं? त्याचेच हे धंदे. सापडू दे, पोलिसातच देतो."

सगळे एकमेकांच्या हातांकडे बघायला लागले. जिनफानं हात खिशात घातले. मग ते जास्तच वाईट दिसतंय असं वाटून बाहेर काढले.

"मेल्या, तू बांधलीस?" युएची पुटपुटली.

"पाकीट फक्त. आईशपथ."

दुधात पाणी घातलंस का, हे विचारताना ती जशी बघायची, तशीच बघत राहिली.

वेननं तार कापली, जीभ दोनदा उघडझाप करून बघितली, वर चढला आणि सळयांचा पहिला भारा अलगद वर नेऊन ठेवला. पिवळं पाकीट तिथंच होतं.

"वेनदादा, पाकिटाची भीती नाही वाटली?" युएचीनं खालून विचारलं.

"कुरकुऱ्यांना काय भ्यायचं? कुणीतरी आत येऊन गेलंय एवढं कळलं. मग सगळंच बघावं लागतं."

युएचीनं एप्रन सोडून जिनफासमोर धरला.

"आत्ता घातला तर ती तार माझ्याच गळ्यात पडेल, ताई."

"नाही घातलास तर माझ्या मनात ती तुझ्याच गळ्यात राहील. बघ बाबा."

जिनफानं एप्रन घातला. गल्लीच्या मधोमध जाऊन क्रेनला पहिला नमस्कार केला. लोक फिदीफिदी हसले.

"बघितलंत?" लो त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. "आला ना चोर पुढं. तार पण ह्याचीच."

हसू थांबलं. आ-तू मुठी आवळून दोन पावलं पुढं सरकला.

जिनफा दुसऱ्यांदा वाकला. वाकल्यावाकल्या त्याची नजर लोच्या जाकिटाखाली गेली, कंबरेच्या पट्ट्याशी. तो जरा वेळ तसाच वाकून राहिला.

मग सरळ झाला, एप्रनची झालर नीट केली, आणि क्रेनकडे पाठ करून लोसमोर उभा राहिला. तिसरा नमस्कार त्यानं फार सावकाश घातला, पार कंबरेइतका खाली, आणि जोडलेल्या हातांनी लोच्या जाकिटाची कड हळूच वर उचलली.

पट्ट्याला लाल तारेचं भेंडोळं लटकत होतं.

वर केबिनमध्ये वेननं यंत्र बंद केलं.