मानाजीचं रक्त

“सगळं नका हो घेऊ बाई, थोडं आमच्याकडेही राहू द्या,” असं म्हणून मानाजी हसला होता. पंचवीस वर्षांमागची गोष्ट. सुई धरलेला जयंतीचा हात तेव्हा नवशिका होता. तिला धीर यावा म्हणून तो तंजावरच्या घरगुती मराठीत थट्टा करत होता.

आज मैलापूरच्या त्या संशोधन केंद्राच्या तळघरात तोच आवाज तिच्यासमोर बसला होता. तीच हनुवटी, तेच कान.

“का बोलावलंत बाई? रक्त तर गेल्या महिन्यातच दिलं.”

काहींचं म्हातारपण निरोगी का असतं, हे जयंती रक्तात शोधत होती. दर पाच वर्षांनी त्याच तीनशे माणसांचं रक्त घ्यायचं, उणे ऐंशीच्या थंडीत गोठवायचं, जुनं नव्याशी ताडायचं. सगळ्यांचं रक्त वयाबरोबर थकत गेलं. एकट्या मानाजीचं दुसऱ्या खेपेला पहिल्याहून कोवळं निघालं. “मॅडम, हे अंकल काय खातात विचारा, कँटीनमध्ये तेच ठेवू,” तिची सहकारी हरिणी म्हणायची. जयंतीचा शोधनिबंध या एका माणसावर उभा होता. छापायला धाडण्याआधी हरिणीनं, रक्त एकाच माणसाचं ना याची खात्री म्हणून, पहिली नळी नव्या नळीशी ताडली. रक्त एकाच आईच्या लेकरांचं निघालं. माणूस मात्र एक नव्हे.

“पहिल्या नळीतला माणूस तुम्ही नाही,” जयंती म्हणाली. “कोण तुम्ही?”

फ्रीझर घुमत होते. तो बोलला तेव्हा आवाज दुसराच होता, बारीक, वर्षानुवर्षं न उघडलेल्या दारासारखा.

“नागोजी. त्याचा धाकटा.”

मानाजी ओरगडमच्या रस्त्यावर लॉरीखाली गेला होता. लग्न नाही, मूल नाही. आई तंजावरात, डोळ्यांनी अधू, काळजाची दुखणाईत. तिला सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. दर शुक्रवारी नागोजी फोनवर मानाजी व्हायचा.

“पण आई भारी संशयी, बाई. म्हणायची, फोनात काय, कुणीही बोलेल. रक्ताचा कागद पाठव. शेजारणीकडून वाचून घ्यायची. ‘मानाजी राव, प्रकृती उत्तम.’ मग तो कागद उशाखाली. म्हणून त्याच्या नावानं इथं रक्त देत राहिलो.” त्यानं बाही खाली ओढली. “तेराव्याचं जेवण नाही, श्राद्ध नाही, दर्भ हातात धरला नाही मी. धरला असता तर गावभर झालं असतं.”

“आणि आता आई?”

“आषाढात गेली.”

“मग आता कुणापासून लपवताय?”

नागोजीनं फ्रीझरकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “एकदा हातात देता?”

निबंध बुडालाच होता. पण तो का बुडाला याचा पुरावा म्हणून त्या पहिल्या खेपेची ही एवढीच नळी उरली होती. एकदा वितळली की संपली. जयंती जागची हलेना. मग तिनं जाड हातमोजा चढवला, झाकण उघडलं आणि धुक्यात हात घातला.

त्यानं तीर्थ घ्यावं तशी ओंजळ पुढे केली. नळीवरचं दव पांढरं धुमसत होतं. जरा वेळानं आत, काठाशी, काहीतरी लाल सुटलं आणि कूस बदलावी तसं हललं.

झोपलेल्या माणसाच्या कानाशी जावं तसं नागोजीनं तोंड नळीजवळ नेलं.

“अण्णा,” तो म्हणाला, “तू मेलास रे. बावीस वर्षं झाली. तुला कुणी सांगितलंच नाही.”