दोन्ही गुडघे

“चालून बघ. नाहीतर त्या सायकलवर बसून पेडल मार,” दुकानातली बाई म्हणाली.

मुलीने दोन्हीतलं काहीच केलं नाही. नवे नी-पॅड चढवले आणि ती दुकानाच्या मधोमध, फरशीवर गुडघे टेकून बसली. पाठ ताठ, हात मागे, नजर समोरच्या भिंतीवर. ओठ पुटपुटल्यासारखे हलत होते.

“अगं, डोंगर उतरायचाय तुला, फरशी नाही पुसायची!” बाप हसला.

बाप लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. दोर स्वतःच्या हाताने चाचपल्याशिवाय तो लिफ्टमध्ये पाय ठेवत नसे. मुलीच्या बाबतीतही तेच. तिच्या हेल्मेटसाठी त्याने तीन दुकानं पालथी घातली होती. चौदा वर्षांची पोर, डोंगरावरच्या सायकल शर्यतीत मागच्या वर्षी तिसरी आली. यंदा पहिली यायला हवी होती. नी-पॅड हवेत असं ती स्वतःहून म्हणाली, तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. एरवी ती तोंड उघडून काही मागायची नाही.

“हे नकोत,” मुलगी उठत म्हणाली. “टेकलं की कडा आत रुततात.”

बाईने वरच्या फळीवरून दुसरी जोडी काढली. बाहेरून कडक कवच, आत जाड फोम. “हे बघ. दगडावर आपटलीस तर कवच घसरतं आणि गुडघा वाचतो. मागे जाळी आहे, त्यामुळे चढावर घाम साचत नाही. गुडघ्यामागे काचतही नाही.”

मुलगी पुन्हा गुडघ्यांवर बसली. या वेळी बराच वेळ. बापाने घड्याळ पाहिलं. बाई मात्र मुलीकडेच बघत राहिली.

“कवच नसलं तरी चालेल,” मुलगी अखेर उठून पॅड काढत म्हणाली. “आतून मऊ हवेत. आणि ट्रॅकपँटवरून कळायला नकोत.”

“लपवायचे कशाला?” बापाने विचारलं.

“सरांना आवडत नाही.”

सर म्हणजे तिचे प्रशिक्षक. मोठा नावाजलेला माणूस. त्यांच्याकडे प्रवेश मिळवायला बापाने वर्षभर खेटे घातले होते. “त्यांचंही खरंच आहे म्हणा,” तो बाईला म्हणाला. “अंगावर पॅड आले की पोरं गाफील होतात.”

 बाईने खिशातून टेप काढली, मुलीपुढे उकिडवी बसली. “मांडीचं माप घेते. गुडघ्याच्या चार बोटं वर घ्यावं लागतं.” तिने ट्रॅकपँट वर सरकवली. टेप तिच्या हातात तशीच राहिली.

बापही वाकला. गुडघे फुटलेत हे त्याला ठाऊक होतं. दर रविवारी मुलगी ‘पडले’ म्हणायची आणि न्हाणीघराचं दार लावून घ्यायची. पडतेय म्हणजे शिकतेय, असं तो घरात सगळ्यांना सांगायचा. इतक्या जवळून त्याने ते आज पहिल्यांदा पाहिले. वाटीच्या खाली बारीक बारीक खळगे. काही सुकलेले, काही ओले. कुणीतरी मोजून पाडावेत तसे, दोन्हीकडे सारखे.

“मी बारा वर्षं शर्यतीत उतरले,” बाई म्हणाली. आवाज तिने मुद्दाम खाली ठेवला होता. “सायकलवरून पडलं की एका बाजूला पडतो आपण. एक गुडघा फुटतो, कोपर सोलवटतं, तळहातांची सालटं निघतात. हिचे हात बघा. साधा ओरखडा नाही.”

बापाने मुलीचे तळहात उलटसुलट करून पाहिले. ते थंड होते.

“किती वेळ बसवतात?” बाईने विचारलं.

मुलगी भिंतीकडे बघत म्हणाली, “उतारावर ब्रेक दाबला की दहा मिनिटं. एकदा दाबला तर दहा. खडीवर.”

“आणि परवाच्या रविवारी?” बापाने विचारलं.

“सात वेळा दाबला.”

त्या रविवारी बाप डोंगराच्या पायथ्याशी गाडीत बसला होता. बाकीची पोरं खाली येऊन घरी गेली, तरी हिचा पत्ता नव्हता. मग सर स्वतः खाली आले आणि म्हणाले, आज जरा जादा सराव घेतोय. त्याने सरांचे आभार मानले होते आणि सीट मागे करून डोळे मिटले होते.

 बापाने मुठीत गाडीची किल्ली आवळली. “चल. आत्ताच्या आत्ता जाऊ त्याच्याकडे. मी बघतो त्याला!”

मुलगी निघाली नाही. तिने ट्रॅकपँट हळूच खाली ओढली आणि दोन्ही हातांनी गुडघे झाकून घेतले. वडिलांचा आवाज चढला तशी ती बाईच्या बाजूला सरकली.

“घाबरू नकोस गं,” बाप म्हणाला.  “पण हे कुणाला विचारून केलं त्याने? कुणाला?”

“तुम्हाला,” मुलगी म्हणाली. “पहिल्या दिवशी, गाडीपाशी. शिक्षा केली तर चालेल ना, असं सरांनी विचारलं होतं. तुम्ही हसलात, बाबा. म्हणालात, खुशाल करा, फक्त मला सांगत बसू नका.”