आधी आई दाखवा

ऑनलाइन पिल्लू घेताना धाकटा दीर चांगलाच फसला होता. त्यामुळे वहिनी आता ताकही फुंकून पीत होती.

"नुसते फोटो नकोत. व्हिडिओ कॉलवर पिल्लाची आई दाखवा. हल्ली कुणाचा भरवसा धरायचा हो?" तिने विकणाऱ्या बाईंना ठणकावलं.

बाईंनी व्हिडिओ कॉल लावून फोन कोपऱ्यातल्या गोणपाटाकडे वळवला. तिथली कुत्री वहिनीचा आवाज ऐकताच कान टवकारून उठली आणि शेपटी हलवत फोनची स्क्रीन चाटू लागली.

"नवलच आहे!" बाई म्हणाल्या. "हिला कुणीतरी रिकाम्या घराच्या गेटला बांधून निघून गेलं होतं. तेव्हापासून ही परक्या माणसाचा आवाज आला तरी पलंगाखाली लपते."

वहिनीने हळूच आपल्या कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला.